पाहुण्यासाठी साफ केलेला बांध

लग्नाचे फोटो काढून काढून माझी माणसांवरची श्रद्धा उडाली, असं मी सांगत असे. बायको म्हणते, श्रद्धा नाही, गिऱ्हाईक उडालं. तिचंच खरं आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि नवरीच्या मामाला माझ्याइतकाच फोटोग्राफर झाल्यासारखं वाटू लागलं. माझा स्टुडिओ ज्या गाळ्यात होता तिथे आता एक पोरगेला माणूस मोबाईलची कव्हरं विकतो. मी जाता-येता त्याला नमस्कार करतो. ज्याने आपल्याला घरी बसवलं त्याच्याशी वाकडं घेऊ नये.

स्टुडिओ आवरला तेव्हा एक लेन्स मात्र मी विकली नाही. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स. तिच्यातून मी जन्मभर अंगठ्या, जोडवी आणि मेंदीचे तळवे टिपले होते. एका सकाळी दारातल्या तुळशीवर मंजिरीभोवती काहीतरी घोंघावत होतं, म्हणून सहज तिच्यातून पाहिलं. माशी होती. पोटावर निळे चमकदार पट्टे, पाठीवर तपकिरी लव, आणि डोळे असे हिरवे की कुठल्या नवरीच्या शालूचा रंग मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. मधमाशीच्या गोतातली, पण पोळं नाही, राणी नाही, भावकी नाही. एकटी राहणारी. मला ती फारच पटली.

माशीचे आणखीही गुण हळूहळू कळले. ती 'मला जरा गोरी करा' म्हणत नाही. तिची आत्या मागून येऊन 'हिचा एक बाजूने काढा, त्या बाजूने बरी दिसते' असं सांगत नाही. ती थांबतही नाही, हे खरं. दहा वेळा पोटावर सरपटत जावं, फ्लॅशपुढे दुधाची धुतलेली पिशवी बांधून उजेड मऊ करावा, श्वास रोखावा, आणि फोटोत फक्त फूल यावं. डोळ्यावर फोकस बसला तर मिशा धूसर, मिशांवर बसला तर डोळे गेले. बायको म्हणायची, "आख्खं आयुष्य नटलेल्या बायकांमागं गेलं, आता माश्यांच्या मागं. कधीतरी सरळ उभं राहून फोटो काढा."

माश्यांच्या मागे मी गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. शहर सुटलं की दोन्ही बाजूंना ऊस. उसात माशीला काही मिळत नाही. तिचा सगळा संसार बांधावर. एका ठिकाणी मला हवा तसा बांध सापडला. रुंद, मातीचा, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला. त्यावर एकदांडी, कुर्डू, रानतुळस आणि ज्यांची नावं मला आजही येत नाहीत असली चार-सहा झुडपं. मी गाडी लावली, गोणपाट अंथरलं आणि आडवा झालो.

थोड्या वेळाने डोक्यावर सावली पडली.

"काय पावणं, कुणी धाडलंय तुमास्नी?"

मी मान वर केली. पन्नाशीचा, धिप्पाड माणूस, हातात खुरपं. आवाज असा की दोन शेतांपलीकडचा बगळा उडाला.

"कुणी नाही. फोटो काढतोय."

"ते दिसतंय की. बांधाचं फोटो कशाला? मोजणी काढलीय व्हय त्यानं?"

'तो' म्हणजे त्याचा चुलतभाऊ. नोकरीला कागलच्या एमआयडीसीत, पण जीव या बांधात. बांध नेमका कुणाकडे किती सरकलाय, यावरून दोन्ही घरं एकमेकांच्या बारशालाही जात नव्हती. अशा बांधावर एक अनोळखी म्हातारा यंत्र लावून पालथा पडलाय, याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो. मी घाईघाईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर माशी दाखवली. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला.

"ही आमच्यातली?" त्याने विचारलं.

"तुमच्याच बांधातली. आत मातीत भोकं पाडून राहते."

"आमच्याच बाजूच्या भोकात न्हवं?"

मी हो म्हणालो. त्या एका उत्तराने मी त्या घरचा झालो. गावात त्याला सगळे मालक म्हणत, बायकोसुद्धा; म्हणून मीही मालकच म्हणू लागलो. वहिनींनी त्या दिवशी पितळी भरून चहा दिला आणि परतताना डिकीत न विचारता उसाची मोळी टाकली. पुढे मी आलो की मालक लांबूनच ओरडायचे, "आलं माशीवालं पावणं!" जनावरं दचकायची, माश्या उडायच्या आणि मी हात जोडायचो.

पाऊस ओसरल्यावर तिथे मला खरा खजिना दिसला. दिवेलागणीच्या आधी या माश्यांमधले नर एका वाळक्या काडीवर झोपायला येतात. माद्या बांधाच्या आत, मातीच्या घरात. नरांना घरात जागाच नाही. ते एकामागे एक येतात, जागेवरून थोडी ढकलाढकली करतात, मग काडी जबड्यात धरतात आणि पाय सोडून तशाच अवस्थेत झोपी जातात. रोज तीच काडी. लग्नात जानवशाला निजलेले वऱ्हाडी मी पुष्कळ पाहिलेत, पण इतक्या शिस्तीत निजलेले नाहीत. सकाळी दव पडलं की त्यांच्या अंगावर थेंब असतात आणि उन्हं येईपर्यंत ते हलत नाहीत. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच समोरचा हलत नव्हता. तसा एक फोटो, ओळीने निजलेले, दवात भिजलेले, सगळ्यांचे डोळे फोकसमध्ये, मला काढायचा होता. एवढंच हवं होतं मला. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा हात हलला. पुढच्या खेपेला कॅमेऱ्याची तिवई न्यायची ठरवली.

पण पुढची खेप लांबली, कारण आमच्याच गॅलरीत, माझ्याच नाकासमोर, गांधीलमाशीने घर बांधलं. मला मोह आवरला नाही. गांधीलमाशीला जवळून फोटो काढलेला आवडत नाही, हे तिने मला ओठावर डसून कळवलं. ओठ वांग्यासारखा झाला. बायकोने चुना लावला, डॉक्टरकडे नेलं आणि येताना माझाच एक फोटो काढला. जवळून. तो तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि मला कबूल केलं पाहिजे, फोकस उत्तम होता.

त्याच दिवसांत मालकांचा फोन आला. "पावणं, का आला न्हाईसा?"

सुजलेल्या ओठातून मी कसंबसं म्हणालो, "गांधीलमाशी डसली."

"अरारारा!" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. कुठे डसली हे मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

ओठ उतरल्यावर मी तिवई घेऊन भल्या सकाळी निघालो. लांबूनच वाटलं, रस्ता चुकलो. बांध ओळखू येईना. दोन्ही कडांनी खोऱ्याने तासलेला, वरून चोपून सपाट केलेला. कुर्डू नाही, एकदांडी नाही, रानतुळस नाही. कडेला उरलेलं गवत पिवळं पडून आडवं झालं होतं आणि तणनाशकाचा वास अजून होता. मध्यभागी ओळीत झेंडूची रोपं. आणि या सगळ्यापुढे, नवरदेवाला मांडावी तशी, एक प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्यावर धुतलेला टॉवेल.

मालक आणि वहिनी दोघंही माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"आमच्या बांधावर तुमास्नी डसली," मालक म्हणाले, "आमास्नी रातीला झोप न्हाय. पावणं दारात यावं आन् त्येला कायतर चावावं, ह्ये काय बरं न्हवं. सगळं तण मारून टाकलं बगा. आता निवांत खुर्चीत बसून काढा फोटू. आन् फुलं पायजेत म्हणून हिनं झेंडू लावलाय."

वहिनींचे हात मातीने भरलेले होते. चुलतभाऊ बांध हलवला म्हणून भांडायला आला होता, तर 'आमच्या पावण्यासाठी हाय' म्हणून त्यालाही त्यांनी परतवून लावलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बांधावर खुरपं चाललं होतं, आणि तेही माझ्या ओठासाठी.

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता. काडी कुठे होती ती जागा मी नजरेने शोधली. तिथे खुर्चीचा मागचा पाय होता.

अशा वेळी माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, "छान." वर म्हणालो, "लई भारी केलंत." धंद्याने लावलेली खोड. कितीतरी नवऱ्यामुलांना मी याच आवाजात सांगितलंय, छान दिसताय. मग मी खुर्चीत बसलो. झेंडूला अजून कळीसुद्धा नव्हती. मी मोकळ्या मातीचे दोन-चार फोटो काढले, कारण ते बघत होते.

निघताना मालक खुशीत म्हणाले, "आता ऐतवारी वड्याकडचा बांध. त्यो तर लई माजलाय. फवारायचा पंप सांगून ठेवलाय."

ओढ्याकडचा बांध मला माहीत होता. तिथली रानतुळस कमरेएवढी होती. इथल्या माश्यांपैकी कुणी वाचलं असेल तर ते तिकडेच गेलं असणार, आणि आता पंपही तिकडेच जाणार होता. माझ्याच पाहुणचारासाठी.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली. "जाऊन सांगा त्यांना," म्हणाली.

"काय सांगू? तुम्ही माझ्यासाठी राबलात आणि माझं वाटोळं केलंत?"

"तुमचं कुठं वाटोळं झालंय? तुम्ही इथं चहा पिताय."

मी आठवडाभर वाक्यं जुळवली. आमच्याकडे भांडायला शब्द शोधावे लागत नाहीत, पण कुणी जीव लावल्यावर 'नको' कसं म्हणायचं हे कुणी शिकवत नाही. पानात चौथी भाकरी पडली तरी माणूस 'बास' म्हणत नाही, फक्त हात आडवा धरतो, आणि वाढणारी हाताच्या फटीतून वाढते. फोनवर सांगावं असंही मनात आलं. पण फोनवर मी आधीच एकदा अर्धं बोललो होतो आणि त्याचं काय झालं ते पाहून आलो होतो.

रविवारी मी पोहोचलो तेव्हा मालक पाठीला पंप अडकवून ओढ्याच्या बांधाला लागायच्या बेतात होते. "या, या! बरोबर येळेला आलासा!"

"मालक, थांबा," मी म्हणालो. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "ते मारू नका. गांधीलमाशी मला इथं नाही डसली. माझ्या घरी, गॅलरीत डसली. इथल्या माश्यांनी मला कधी काही केलं नाही. त्या गवतातच राहतात. तुम्ही काढलंत त्याच गवतात झोपायच्या. एका काडीला धरून, ओळीने."

बोलताना माझा आवाज चढला होता, हे बायकोला सांगायचं मी टाळलं. पण चढला होता.

बोलल्या त्या वहिनी. "मग त्या दिशी छान का म्हणालासा?"

मी चपलेने पायाखालचं ढेकूळ फोडू लागलो.

"तुमी छान म्हणालासा म्हणून तर ह्यो बांध धरला. त्या बांधावर मी दोन दिस कंबरड्यात वाकलेली. वंगाळ झालंय म्हणाला असतासा, तर आमी काय मारनार हुतो तुमास्नी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय ग्वाड वाटाय लागलंय?"

मालकांनी पंपाचे पट्टे सोडले आणि पंप खाली ठेवला. ओढ्याचा बांध तसाच उभा होता, रानतुळशीवर सकाळचं घोंघावणं सुरू झालं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना.

मालकांनी विचारलं, "लई झोपायच्या तिथं?"

"बऱ्याच."

"मग आता कुठं झोपत्यात?"

त्यांनी हे इतक्या खालच्या आवाजात विचारलं की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. काही ओढ्याकडे गेल्या असतील, काहींना काडी सापडली नसेल. आणि मातीच्या आत ज्या होत्या, त्यांच्यावरून तर खोरं फिरलं होतं. हे शेवटचं मी बोललो नाही, पण मालक शेतकरी आहेत, त्यांना मातीत काय होतं ते सांगावं लागत नाही.

मी ओसरीवर जाऊन बसलो. एरवी टेकायच्या आत चहा यायचा. आज आला नाही. वहिनी चुलीपाशी भांडी आपटत होत्या. मग आतूनच म्हणाल्या, "च्या पायजे असंल तर तोंडानं मागा. आमास्नी न सांगता कळत न्हाय."

"पाहिजे," मी म्हणालो. मग म्हटलं आता बोलायलाच बसलोय, तर, "आणि साखर कमी घाला. वर्षभर पाक पितोय तुमच्या घरी."

आतली भांडी थांबली. "वर्षभर?" वहिनींनी विचारलं, आणि मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मलाही हसू आलं.

चहा आला, खरोखरच कमी साखरेचा. दोन कप होते. मालकांचा कप ताटलीने झाकून ठेवावा लागला, कारण हाका मारूनही ते येईनात. मी उठून पाहिलं. झेंडूच्या ओळीतून ते हळूहळू चालत होते, पाय जपून टाकत, मध्येच गुडघ्यावर बसून चोपलेल्या मातीत भोकं शोधत.