गोदाबायची पट्टी

कोलशेत गावात गोदाबायने बांधलेली पट्टी दुसऱ्या कोणी सोडायची नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कोणाचा घोटा मुरगळला, पोटरीत गोळा आला, कबड्डीत नडगीवर गुडघा बसला, की घरचे त्याला रिक्षात घालून तिच्या ओटीवर आणायचे. ती तेलाच्या हाताने पाय चाचपायची, आंबेहळद आणि रक्तबोळाचा गरम लेप थापायची आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी अशी करकचून आवळायची की भल्याभल्या पैलवानांचे डोळे पांढरे व्हावेत. तिसऱ्या दिवशी तीच सोडणार. मधे कोणी हात लावलाच, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. बाईचं तोंड म्हणजे काय सांगू!

पण हात मात्र सोन्यासारखा. लग्न होऊन आली तेव्हा घरचं मिठागर होतं. खारट चिखलात दिवसभर अनवाणी उभं राहायचं, मीठ ओढायचं, टोपल्या वाहायच्या. संध्याकाळी बायांचे पाय दगड व्हायचे. सासू आवडाबाई एकेकीच्या पोटऱ्या चोळायची आणि ते बघत बघत सून शिकली. आता मिठागर गेलं, शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले. मुलगा काळुरामच्या दारात मोठी गाडी आली. गोदाबाय मात्र ओटीवरून हलली नाही.

त्या रविवारी तिच्यासमोर पाय पसरून बसली होती ती तिचीच नात, काळुरामची मुलगी कल्पिता. सकाळच्या सामन्यात रेड टाकताना समोरच्या पोरीचा गुडघा तिच्या डाव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला सणसणीत बसला होता. बाहेर यायचं की नाही? छे! तशीच शेवटपर्यंत खेळली, सामना जिंकला आणि मग लंगडत घरी आली. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

“हाड मोडला नाय,” गोदाबाय चाचपून म्हणाली. “मुकामार हाय. मना बघू दे.” नात स्वतःची, निवड तोंडावर आलेली. म्हणून तिने पट्टी नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट बांधली.

दुपारी जेवणं झाली आणि कल्पिता कण्हायला लागली. आधी हळू, मग मोठ्याने. पाय उशीवर ठेवला तरी दुखे, खाली सोडला तरी दुखे. दुखण्याची गोळी घेतली, तिचा काही उपयोग नाही.

“लेप वढतंय, म्हनून दुखतंय,” गोदाबाय म्हणाली. “एवढी कबड्डी खेलतेस नि जरा कळ सोसवत नाय?”

“आजी, हे नेहमीचं दुखणं नाहीये गं! आतून फुटतंय असं वाटतंय!”

काळुराम टीव्ही बंद करून आत आला, पोरीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि परत बाहेर जाऊन बसला. आईच्या पट्टीबद्दल बोलायची त्याची काय टाप!

एवढ्यात समृद्धी आली. ही गोदाबायची नातसून, काळुरामच्या मुलाची बायको. नौपाड्यात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि रविवारी अर्धा दिवस भरून घरी यायची. लग्नाला वर्ष झालं होतं. आजेसासूच्या कामात तिने आजवर नाक खुपसलं नव्हतं. पण दारातूनच कल्पिताचा आवाज ऐकून ती चप्पल न काढता आत घुसली.

“कल्पू, पायाचा अंगठा वर कर बघू.”

कल्पिताने ओठ आवळून जोर लावला. अंगठा जागचा हलेना.

समृद्धीने तिचा अंगठा दोन बोटांत धरला आणि अगदी हलकेच खाली वाकवला. कल्पिता अशी किंचाळली की बाहेरून काळुराम धावत आला.

“आजी, पट्टी सोडा. आत्ताच्या आत्ता.”

काळुरामची बायको पदर तोंडाला लावून उभी राहिली. गोदाबाय नातसुनेकडे बघतच राहिली.

“तू मना शिकवतंस? माझ्या हाताखालून किती पाय गेले, ठाव हाय?” ती पुढे वाकली, कल्पिताच्या पावलावर बोटं ठेवली. “ही बघ नाडी. लागतेय. रगत जातंय ना पायात? मंग?”

“नाडी सगळ्यात शेवटी जाते, आजी. ती जाईपर्यंत थांबलो तर संपलं.” समृद्धी मागे हटली नाही. “गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात. मागे पोटरीचे दोन. वरचा टाच उचलतो, आतला बोटं दुमडतो. बाहेरच्या बाजूचा पाऊल बाहेर वळवतो. आणि हा पुढचा, नडगीला लागून, पाऊल आणि बोटं वर उचलतो. प्रत्येक कप्प्याला चिवट आवरण असतं, ते ताणत नाही. अभ्र्यात कापूस ठासत गेलं तर काय होईल? आत सूज वाढतेय, जागा नाही. त्यात वरून पट्टी. स्नायूंना रक्तच मिळत नाहीये.”

कप्पे गोदाबायने कधी बघितले नव्हते. पण अंगठ्याची दोरी पावलावरून वर नडगीपर्यंत जाते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. घोटा मुरगळला असता तर कळ घोट्यात आली असती. पोरगी किंचाळली ती हात नडगीवर दाबून. अंगठा ओढला आणि कळ वर, त्या पुढच्या मांसात गेली.

तिने पट्टीच्या वरच्या काठातून बोट आत सरकवायला बघितलं. बोट शिरेना. बांधली तेव्हा शिरत होतं.

“सोडा ना!” समृद्धी रडकुंडीला आली.

“गाठ नाय सुटायची आता. कोयती आन.”

काळुराम म्हणाला, “आये, तिसरा दिवस...”

“मेला तुझा तिसरा दिवस! कोयती आन म्हनते ना!”

तिने मासळी कापायच्या कोयतीचं टोक पट्टीखाली घातलं आणि खालपासून वरपर्यंत लुगडं टराटरा फाडलं. लेपाची खपली निघाली. खालची कातडी ताणून चकाकत होती. गोदाबायने हात ठेवला. पाटा-वरवंट्यातला पाटाही परवडला, इतकं ते कडक झालं होतं. पट्टी सुटली, तरी कल्पिताची कळ कमी होईना.

गाडीत काळुराम वेड्यासारखा हॉर्न वाजवत होता आणि कापूरबावडीचा सिग्नल काही सुटत नव्हता. मागच्या सीटवर नातीचं डोकं समृद्धीच्या मांडीवर, पाय गोदाबायच्या. “आजी, पाय बधिर झालाय,” कल्पिता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा गोदाबायला हातात धरलेल्या पायाची भीती वाटत होती. चोळायची सोय नाही, बांधायची सोय नाही. नुसता धरून बसायचा.

हॉस्पिटलात एक्स-रे झाला. हाड शाबूत. डॉक्टरांनी सुई टोचून पुढच्या कप्प्यातला दाब मोजला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“पट्टी कोणी बांधली होती? केव्हा?”

“ग्राउंडवर कोणीतरी...” काळुराम आईची लाज राखायला पुढे झाला.

“मी बांधली,” गोदाबाय म्हणाली. “जेवनाच्या आधी. मीच कापली, आताच, निघताना. कप्पा फुगलाय तिचा. लवकर काय ते करा.”

डॉक्टरांनी सांगितलं, की नडगीच्या बाजूने लांब चीर द्यावी लागेल. कातडी आणि आतलं आवरण दोन्ही उघडायचं आणि सूज उतरेपर्यंत जखम तशीच उघडी ठेवायची. फार उशीर झाला तर स्नायू मरतील. मग पाऊल वर उचलता येणार नाही, चालताना फरफटेल.

काळुरामचा चेहरा पांढराफटक पडला. “हाड मोडलं नाही तर चिरायचं कशाला? लग्नाची पोर आहे, डॉक्टर. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत वण घेऊन... उद्या सकाळपर्यंत बघू या ना. घरच्यांना विचारतो, मामाला बोलावतो.”

“सकाळपर्यंत काही उरणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

काळुराम फोन काढायला लागला. गोदाबायने त्याचा हात धरला. म्हातारीची पकड अशी, की फोन खाली पडला.

“कोनाला विचारतंस? माझ्या चुकीनं पोरीचा पाय चाल्लाय आनि तू मामाला विचारतंस? वण बघून जो नको म्हनेल, त्याला मीच दारातून हाकलीन. दे तुझी सही!”

काळुरामने सही केली.

बाकड्यावर बसून समृद्धीने तिला सांगायचा प्रयत्न केला, की मार जबरदस्त होता, पट्टी नसती तरी कदाचित हेच झालं असतं. गोदाबायने मान हलवली.

“मार समोरच्या पोरीनं मारला. आवलला मी. उगाच गोड बोलू नको.” थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “तू बोललीस ता बरा केला.”

डॉक्टर बाहेर आले. आवरण उघडलं होतं, स्नायूंचा रंग थोडा परतला होता. एक भाग मात्र काळपट वाटत होता. तो जगतो की नाही, ते आत्ता कळणार नव्हतं. बोटांना संवेदना देणाऱ्या नसेचंही तसंच. सकाळी बघू, म्हणाले.

सकाळी वॉर्डात कल्पिताचा पाय जाड ड्रेसिंगमध्ये उंच ठेवलेला होता. फक्त बोटं दिसत होती. डॉक्टर आले. “अंगठा वर.” कल्पिताने डोळे मिटून जोर लावला. काही नाही. पुन्हा. अंगठा हलला की चादर हलली, कोणालाच नक्की सांगता आलं नाही. काळुराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टरांनी पेनाचं टोक अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या जागेवर ठेवलं. “इथे काही जाणवतं?” कल्पिता गप्प. गोदाबायने पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरला. डॉक्टरांनी टोक जरा दाबलं, आणखी जरा दाबलं.

“आई गं! दुखतंय ना!” कल्पिता केवढ्याने ओरडली.

“वरड गो बाय, वरड!” गोदाबायच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “अजून वरड!”

नर्स धावत आली. “अहो आजी, हळू! बाकीचे पेशंट झोपलेत.”

“उठू देत त्यांना,” गोदाबाय म्हणाली. “माझ्या नातीला दुखतंय!”