अडतिसावा खटका

लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी नुकतीच सुरू झाली होती, आणि कापल्या देठांचा ओलसर गोड वास बांधावरून थेट आमच्या ओसरीत येऊन पसरला होता. एरवी त्या वासाने मला भूक लागते. त्या दुपारी जेवणाचे ताटही मी तसेच सरकवले होते. उद्या सकाळी आईला नागपूरला न्यायचे होते, हृदयाच्या ऑपरेशनला, आणि ती ठेवणीतले लुगडे नेसून खुर्चीवर बसली होती. "तुह्या बापाचा फोटो काढला होता तसाच काढजो. रोलवाला."

बाबांचा तो फोटो समोरच्या भिंतीवर होता, आणि आमच्याकडे त्या भिंतीवर जित्या माणसाचा फोटो लावत नाहीत. मी रोलचा कॅमेरा काढून त्यात रोल भरला.

नवेगाव बांध गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्ने, बारशी, तळ्यावरचे पक्षी, सगळे डिजिटलवर; काढा, दाखवा, नाही आवडला तर पुसा. रोलचा कॅमेरा उरला तो हौसेपुरता, आणि त्यावरून मी मित्रांशी तावातावाने भांडतोही, की सावलीचा जो मऊपणा रोलवर येतो तो डिजिटलच्या स्क्रीनवर सात जन्मांत येणार नाही. त्या दिवशी यातले काहीएक मनात नव्हते. खरे सांगायचे तर मी भ्यालो होतो. डिजिटलवर तिचा चेहरा लगेच बघावा लागला असता, महिन्याभरात खोल गेलेल्या डोळ्यांसकट; रोल मात्र धुवायला नागपूरला जातो, आठ दिवसांनी येतो, आणि तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. तिचा हट्ट माझ्या पथ्यावरच पडला.

छपराच्या कवेलूंच्या फटीतून उतरलेला उजेड तिच्या कानशिलावर थरथरत होता. एक फोटो पुरे असताना मी खटके दाबतच गेलो. बोट थांबले की काहीतरी कायमचे संपेल असे वाटत होते. "एवढे कायले काढून राहिला रे?" ती वैतागली. रोलमध्ये छत्तीसच फोटो असतात; त्यानंतर रोल पुढे सरकवणारा लिव्हर अडायला हवा होता. आकडा सदतिसावर गेला, मग अडतिसावर, अगदी अलगद, आणि माझ्या लक्षात आले. रोलचे टोक चाकात नीट अडकले की लिव्हर ओढताना दुसऱ्या बाजूची कळ आपोआप फिरते. ती फिरते का हे बघणे हा माझा पहिला धडा, आणि आज नेमके तेवढेच राहिले होते. मागचे झाकण उघडले. रोल जागचा हललाच नव्हता. अडतीस वेळा मी आईकडे बघितले होते, आणि ती कुठेच उमटली नव्हती.

तोच रोल पुन्हा भरता आला असता, पण ऊन ओसरीतून निघून चालले होते, आणि माझा त्या कॅमेऱ्यावर भरवसा उरला नव्हता. मी डिजिटल काढला, एकच खटका दाबला, आणि स्क्रीनवर ते सगळे समोर आले: खोल डोळे, घट्ट मिटलेले ओठ, खुर्चीचा हात आवळून धरलेली बोटे. सवयीने माझा अंगठा पुसायच्या बटणावर गेला.

"दाखव," ती म्हणाली, आणि कॅमेरा हातात घेऊन स्क्रीन निरखू लागली. "भेलेली दिसून राहिली मी." मग माझ्याकडे बघून, "तुले बी भेव वाटून राहिलं ना रे?"

हो म्हणालो. महिनाभर आमच्या घरात भेव हा शब्द कोणी तोंडातून काढला नव्हता.

"पुसू नको," कॅमेरा परत देत ती म्हणाली. "पण हा भिंतीवर नको लावजो. भिंतीचा नागपूरवरून आल्यावर काढू."

कॅमेरा घेताना अंगठा पुन्हा त्याच बटणावर आला होता; तो मी उचलला. आपण भ्यालो आहोत हे लपवायचे आता काही कारण उरले नव्हते.