बाजूच्या दरवाजासमोरची गाडी

लहानू गांगुर्डेला माणसांचा संशय घ्यायची खोड होती, आणि ती काही उगाच लागलेली नव्हती. लासलगावच्या अलीकडे त्याच्या वडिलांचं थोडंसं रान होतं आणि शेजारचं रान सख्ख्या चुलत्याचं. हा चुलता दर वर्षी नांगरताना एखादं तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधात घालायचा. विचारलं की हसून म्हणायचा, "बैल बुजला रे. मी काय मुद्दाम घातलं का?" बैल दर वर्षी बुजत राहिला आणि पाहता पाहता बांधाकडची अख्खी पट्टी चुलत्याच्या कांद्याखाली गेली. लहानूचे वडील भिडस्त होते. ते बोललेच नाहीत. लहानूच्या मनात मात्र एक गोष्ट कायमची बसली, की पहिल्या तासालाच आडवं व्हायला पाहिजे.

पुढे तो अंबडला एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागला, तिथेच रिटायर झाला, आणि पाथर्डी फाट्याच्या पुढे एका कॉलनीत त्याने रो-हाऊस घेतलं. कोपऱ्याचं घर. समोर एक रस्ता, बाजूला दुसरा. कंपाउंडमध्ये कडुनिंबाचं मोठं झाड होतं, त्याच्या फांद्या बाजूच्या रस्त्यावर पसरलेल्या. घरात तो, बायको सरुबाई आणि त्याची आई रंगूबाई. म्हातारी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती व्हीलचेअरवर होती. पुढच्या दाराला पायऱ्या, म्हणून लहानूने बाजूच्या भिंतीत एक लोखंडी दरवाजा बसवून घेतला, खाली सिमेंटचा उतार केला. रोज सकाळी सरुबाई सासूला त्या दरवाजाने बाहेर काढायची आणि कोवळ्या उन्हात कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची.

बाजूच्या रस्त्यापलीकडचं घर रिकामं होतं. गेल्या दिवाळीनंतर तिथे अमित देवरे राहायला आला. सटाण्याकडचा मुलगा, अंबडच्याच एका कंपनीत सेकंड शिफ्टला. बायको सरिता, एक लहान मुलगी आणि एक पांढरी गाडी. गाडी त्याने पहिल्याच आठवड्यात रस्ता ओलांडून लहानूच्या भिंतीला चिकटून, बरोबर त्या लोखंडी दरवाजासमोर लावली.

लहानूने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी अमित गाडीत बसायला आला तेव्हा तो बाहेर गेला.

"तुमचं घर तिकडं, गाडी इकडं कशी?"

"काका, आमच्या बाजूला सगळं ऊन. इथे तुमच्या झाडाची सावली मिळते." अमित हसला. "आणि रस्ता तर कॉलनीचाच आहे ना?"

तो बिचारा सहज बोलून गेला, पण लहानूच्या डोक्यात ते शेवटचं वाक्य अडकून बसलं. रस्ता कॉलनीचा. म्हणजे गड्याने चौकशी करून ठेवली आहे. सावलीचं कारण म्हणजे बैल बुजण्यातलाच प्रकार.

घरात येऊन त्याने सरुबाईला बजावलं. "हे बघ, त्या माणसाशी एक अक्षर बोलायचं नाही. त्याच्या बायकोशीपण नाही."

"अहो, नुसतं सांगितलं, जरा गाडी पुढं घ्या म्हणून, तर—"

"तेच सांगायचं नाही! आपण विनंती केली की जागा त्याची आहे असं आपणच कबूल केल्यासारखं होतं. उद्या म्हणेल, काकू स्वतः विचारत होत्या. आज गाडी, उद्या वर पत्रा, परवा शेड. मी बघतो काय करायचं ते."

आणि तो बघायला लागला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहायचा आणि मोबाईलवर गाडीचे फोटो काढायचा. पुरावा पाहिजे. अमित रात्री उशिरा यायचा, सकाळी उशिरापर्यंत झोपायचा. दुपारी ड्यूटीला निघेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. हेसुद्धा लहानूला संशयास्पद वाटलं. संक्रांतीला सरिता तिळाचे लाडू घेऊन आली तर त्याने दारातूनच "आम्हाला शुगर आहे" म्हणून वाटी परत पाठवली. सरुबाई आतून पाहत होती. तिला शुगर नव्हती, रंगूबाईला नव्हती, आणि खरं सांगायचं तर लहानूलाही नव्हती.

"सणाचं परत पाठवायचं नसतं," ती म्हणाली.

"तोंड गोड करून तोंड बंद करतात लोक. तुला कळायचं नाही."

एकदा दुपारी त्याने पाहिलं, अमित कोणा अनोळखी माणसाला घेऊन रस्त्यात उभा होता. त्या माणसाच्या हातात टेप होती. अमित बोट दाखवत होता ते लहानूच्या भिंतीकडे, झाडाकडे, दरवाजाकडे. मोजणीवाला! त्या रात्री त्याने कपाटातून घराचे सगळे कागद काढले, उलटेपालटे करून पुन्हा कपाटात ठेवले, आणि तरी त्याला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमित त्याच्या दारात आला. त्याचा चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"काका, एक विचारायचं होतं. माझ्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा कोणीतरी सोडतंय. आधी वाटलं पंक्चर आहे. दुकानदार म्हणाला, टायर चांगला आहे. आज पुन्हा तेच. माझी ड्यूटी बुडायची वेळ येते."

"मग मला काय विचारता?"

"तसं नाही. तुमच्या भिंतीलगत असते गाडी. तुम्ही खिडकीत असता. कोणी दिसलं का?"

लहानूचा पारा चढला. "सरळ बोला ना, माझ्यावर संशय आहे म्हणून! अहो, चाळीस वर्षं कंपनीत काढली, कोणाच्या हत्याराला हात नाही लावला. आमच्या घरात असली माणसं नाहीत. कळलं?"

"मी तुमचं नाव घेतलं नाही," अमित शांतपणे म्हणाला. "पण काल माणूस येऊन माप घेऊन गेलाय. उद्या मी कॅमेरा बसवतोय. जे असेल ते दिसेल."

म्हणजे तो टेपवाला कॅमेऱ्याचा होता. लहानूला हायसं वाटायला पाहिजे होतं, पण त्याचं मन पुढच्या पायरीवर जाऊन उभं राहिलं. आपण हवा सोडलेली नाही, हे आपल्याला माहीत. मग सोडतो कोण? कोणीच नाही! हा स्वतःच सोडतो आणि आपल्यावर आळ घेतो. त्या निमित्ताने कॅमेरा लावायचा आणि आपल्या घरावर नजर ठेवायची.

सरुबाई ओट्यापाशी मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

कॅमेरा बसला तो अमितच्या वरच्या गॅलरीत, तोंड थेट बाजूच्या रस्त्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी लहानूने सरुबाईला सांगितलं, "मी बँकेत जाऊन येतो." पायात चप्पल घालून तो फाटकापर्यंत गेला आणि तिथून मागच्या जिन्याने गुपचूप गच्चीवर चढला. या कॅमेऱ्याला आपल्या घरातलं नेमकं काय दिसतं ते वरून ताडायचं आणि अमित हवा सोडायला येतो का तेही पाहायचं, असा दुहेरी बेत होता. पाण्याच्या टाकीआड तो उकिडवा बसला. ऊन मानेवर यायला लागलं. गुडघे भरून आले. समोरच्या घरात सगळं सामसूम.

मग खाली लोखंडी दरवाजाची कडी वाजली.

दरवाजा जेमतेम वीतभर उघडला आणि गाडीला टेकला. त्या फटीतून आधी एक हात आला, मग अंग आखडून, पदर सावरत सरुबाई बाहेर आली. तिने इकडेतिकडे पाहिलं. गाडीच्या मागून वळून रस्त्याकडच्या मागच्या चाकापाशी बसली. अंबाड्यातला आकडा काढला, चाकाचं छोटं टोपण फिरवून पदरात ठेवलं आणि आकड्याचं टोक आत दाबलं. फुस्स असा बारीक आवाज गच्चीपर्यंत आला.

आतून रंगूबाईचा आवाज आला, "झालं का गं?"

"झालं, आत्याबाई."

"अजून सोड. अर्धं ठेवलं का जातोय त्यो तसाच."

लहानूचा आ वासलेला तसाच राहिला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडलं तर शेजारी ऐकणार. त्याने मान वळवून पलीकडच्या गॅलरीकडे पाहिलं. कॅमेरा आपल्या जागी होता आणि त्याचं काळं भिंग सरुबाईच्या पाठीवर रोखलेलं होतं.

तो खाली आला तेव्हा ती हात धूत होती.

"तू?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

ती दचकली, मग सावरली. "मीच."

"अगं पण कॅमेरा लागलाय तिथं!"

"कॅमेरा वरती गोल असतो असं मला वाटलं, दुकानात असतो तसा. ते काय खोकं होतं, मला वाटलं लाइट लावलाय."

पुढचं बोलणं व्हायच्या आत बेल वाजली. दारात अमित. अंगात घरातलाच टी-शर्ट, हातात मोबाईल. मागे सरिता, मुलीला कडेवर घेऊन. अमितच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त अवघडलेपण. वडीलधाऱ्या बाईला काय बोलायचं, हे त्याला कळत नव्हतं. त्याने नुसता मोबाईल पुढे केला.

लहानूने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि घसा साफ करून म्हणाला, "हे... म्हणजे हिचं कानातलं पडलं होतं. चाकाखाली गेलं. ते शोधत होती."

"कशाला खोटं बोलता?" सरुबाई पुढे आली. पदराला हात पुसत ती अमितसमोर उभी राहिली. "हवा सोडत होते मी. आजचीच नाही, आधीचीपण मीच सोडली."

"पण का, काकू?" सरितानेच विचारलं. "आम्ही काय केलं तुमचं?"

"या आत."

सरुबाई त्यांना सरळ बाजूच्या खोलीत घेऊन गेली. रंगूबाई खुर्चीत बसली होती, समोर लोखंडी दरवाजा. सरुबाईने कडी काढली आणि दरवाजा ढकलला. वीतभर उघडून तो गाडीच्या दारावर टेकला. फटीतून पांढरा पत्रा दिसत होता, बाकी काही नाही.

"या दारानं आत्याबाईंची खुर्ची निघते. दुसरीकडून पायऱ्या आहेत, मला एकटीला उतरत नाही. तुम्ही आलात तेव्हापासून म्हातारी बाहेर गेली नाही. अंगावर कोवळं ऊन नाही. दुपारी गाडी जाते, पण तेव्हाचं ऊन सोसत नाही आणि संध्याकाळी गार वाऱ्यानं हाड ठणकतं. पाय बघा कसे झालेत. मला वाटलं, दोन-चारदा हवा गेली तर इथली जागा नको म्हणाल."

अमितने वाकून फटीतून आपली गाडी पाहिली.

"काकू, एकदा दार वाजवून सांगायचं ना. मला काय स्वप्न पडणार होतं? मला वाटलं हा दरवाजा बंदच असतो."

"बोलायची बंदी होती मला," सरुबाई म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लहानू रोज त्या गाडीचे फोटो काढत होता. त्यातल्या प्रत्येक फोटोत हा दरवाजा होता. भिंत कुठे संपते, चाक कुठे येतं, हे त्याने शंभरदा निरखलं होतं. आई बाहेर गेली नाही हे मात्र त्याला एका दिवशीही दिसलं नव्हतं. ती दिवसभर आत असते, त्यात वेगळं काय, एवढंच त्याला वाटत आलं होतं.

"चूक माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही जागेवर हक्क सांगणार."

"जागेवर?" अमितला आधी समजलंच नाही. "काका, मी भाड्याने राहतो."

यावर रंगूबाई फस्सकन हसली. "लहान्या, आता काय करतो? भाडेकरू मानूस तुझी जिमीन घ्याया आला हुता!" मग ती अमितकडे वळली. "आन तू रं? दाराम्होरं गाडी लावायची म्हंजे आत कोन हाय का मेलंय, येवढं तरी बघावं का नाय?"

"बघायला पाहिजे होतं, आजी," अमित म्हणाला.

सरिताने तोवर मुलीला खाली ठेवलं होतं. ती रंगूबाईच्या खुर्चीच्या चाकाशी खेळायला लागली. सरुबाईने चहा टाकला. लहानू अमितबरोबर बाहेर गेला, स्वतःचा पंप आणून त्याने चाकात हवा भरली. हवा भरून झाल्यावर अमितने गाडी सुरू केली आणि चार हात पुढे घेतली. फक्त चार हात. लोखंडी दरवाजा सताड उघडला, आणि गाडी अजूनही कडुनिंबाच्या सावलीतच होती.

लहानू ते पाहत उभा राहिला. इतकंच होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सरुबाई खुर्ची काढायला आली तेव्हा लहानू आधीच तिथे उभा होता. "मी नेतो," तो म्हणाला. तिने एकदा त्याच्याकडे रोखून पाहिलं. याच्या मनात आता आणखी काय आहे, अशी शंका तिच्या डोळ्यांत स्पष्ट होती. पण ती बाजूला झाली.

उतारावरून त्याने खुर्ची जरा जोरातच सोडली.

"हळू चालव. मी काय कंपनीचा माल हाय का?" रंगूबाई म्हणाली.

ती उन्हात डोळे बारीक करून सगळीकडे पाहत होती. कोपऱ्यावर आल्यावर तिने हात वर करून खुर्ची थांबवली. समोर, जिथे दिवाळीआधी तिने बाभळीच्या रानात नुसते खांब उभे पाहिले होते, तिथे चार मजल्यांची पिवळी इमारत उभी होती. गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत होते.

"ही कवा झाली?"

"झाली मागंच. हिवाळ्यात."

"कोन ऱ्हातं तिथं?"

"माहीत नाही."

"मंग ने की पल्याड," म्हातारी म्हणाली. "इचारू कोनाला तरी."