लाटण्यानं चालणारी मोटार

जनवाडा गावात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून देणारा रत्नपाल हाताचा पक्का होता. तोंडाचा मात्र गोड, आणि तिथंच तो फसायचा. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे, म्हणून नको ते कबूल करून बसायचा.

लक्ष्मम्माला त्यानं असंच कबूल केलं होतं. तिचा नवरा शिवशंकरप्पा पावसात विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीचा शॉक लागून, तिलाच चिकटून गेला. त्याला उचलणाऱ्यांत रत्नपालही होता. त्यानंतर ती बाई पेटीकडं फिरकेना. मेथी-वांग्याचा तिचा मळा डोळ्यांदेखत सुकायला लागला, तेव्हा रत्नपालनं तिथं मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवून दिला.

"आता पेटीला हात लावायचं कामच न्हाई, अक्का. घरातनं फोन लावायचा, मोटार चालू. जन्मभराची काळजी मिटली."

खरं तर पहिलं वर्षच फुकट होतं. पुढं कंपनी दर महिन्याला पैसे घेणार होती. हे रत्नपालला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते त्याच्या तोंडून निघालं नाही. तिच्याजवळच काय, गावात कुणाजवळच निघालं नाही. वर शहाणपण असं, की लोक सारखी सिमकार्डं बदलतात म्हणून सगळ्यांचे स्टार्टर त्यानं स्वतःच्याच नंबरावर नोंदवले. कुणी फोन लावला, कुणाची मोटार चालू झाली, ते सगळं त्याच्या मोबाईलवर दिसायचं. वर्ष सरल्यावर त्यानं भीतभीत विषय काढला, तर सगळ्यांचं उत्तर एकच, "राशीला बघू." तुरीची रास झाली की गावात सगळी देणी फिटतात, ही इथली रीत. कंपनीला कुठली रास आणि कुठलं खळं! तिचे पैसे एक तारखेला रत्नपालच्या खात्यातून आपोआप कापले जायचे, आणि तो गप बसून ते सोसायचा.

उन्हाळ्यात एकदा खात्यात पुरेसे पैसे नव्हते. कंपनीचा निरोप आला, की मिळाले तेवढ्या पैशांत सगळे स्टार्टर चालणार नाहीत, कुठले चालू ठेवायचे ते सांगा. रत्नपाल दुकानात यादी उघडून बसला. सिद्धलिंगप्पाचा बंद केला तर तो चावडीवर इज्जत काढेल. गुरुपादय्याचा केला तर दुकानासमोर येऊन ओरडेल. असं करत करत बोट लक्ष्मम्माच्या नावावर थांबलं. ती ओरडणार नव्हती. म्हणूनच त्यानं तिचा बंद केला. दोन-चार दिवसांत भरू, असं मनाशी म्हणाला आणि फॅनचं कॉइल हातात घेतलं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे विजेची लाइन आली आणि त्याच्या मोबाईलवर दिसलं, लक्ष्मम्माचा फोन, मोटार चालू झाली नाही. थोड्या वेळानं परत. परत. चहा गार झाला तरी तो बघत राहिला आणि मग बोटानं ती ओळ बाजूला सारली. रोज पहाटे हेच चाललं. पैसे हातात आले तेव्हा आधी तांब्याच्या तारेचे दिले. पुढं पुढं तिचे फोन यायचे थांबले. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

मग एका सकाळी सिद्धलिंगप्पा दुकानात येऊन हसायला लागला. "अरे, ती लक्ष्मम्मा लाटणं घेऊन मळ्याकडं जायलीय. चपात्या काय विहिरीवर लाटायलीय का?"

रत्नपालनं हातातलं काम टाकलं. गाडी काढून तो थेट मळ्यात गेला. लक्ष्मम्मा पेटीसमोर लाकडी पाटावर उभी होती. पायांत शिवशंकरप्पाच्या रबरी चपला. डोळे गच्च मिटून, हात लांब करून तिनं लाटण्याच्या टोकानं हिरवं बटण दाबलं. मोटार गुरगुरली. मग तिनं डोळे उघडले.

त्याला बघून ती ओशाळली. "कुणाला सांगू नको बाबा. माझंच काहीतरी चुकलं असंल, फोनच लागंना. गावात बोलले न्हाई मी. तुझ्या कामाला नाव ठेवतील उगं."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. रत्नपाल बांधावर बसला.

"तुझं काही चुकलं न्हाई, अक्का. मीच बंद केलाय."

"तू? कामून?"

त्यानं सगळं सांगितलं. पैसे, यादी, सिद्धलिंगप्पा, गुरुपादय्या. मग तिनं एवढंच विचारलं, "मी रोज पहाटं फोन लावायले, ते तुला दिसत होतं?"

"व्हय."

चपला काढून तिनं त्या एकावर एक ठेवल्या आणि वाफ्यात पाणी वळवायला गेली.

रत्नपालनं तिथंच बायकोला फोन करून पैसे मागवले, कंपनीला भरले, आणि वाफ्यापाशी जाऊन मोबाईल तिच्यापुढं धरला. "झालं चालू. एकदा लावून बघ, अक्का."

"राहू दे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "चालू असल्यावर चालतंय, ते मला ठावं हाय. लाटणं माझं हाय."

त्या राशीला रत्नपालनं घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं आणि ज्याचा त्याचा स्टार्टर ज्याच्या त्याच्या नंबरावर करून दिला. चार शिव्या खाल्ल्या, त्याला त्या गोडच लागल्या. लक्ष्मम्माचा तेवढा त्यानं आपल्याच नंबरावर ठेवला. दर महिन्याला तो पैसे भरतो. पहाटे लाइन येते तेव्हा त्याला आपोआप जाग येते, आणि तो मोबाईल उघडून तिच्या नावापुढं बघतो. तिथं तिचा फोन आलेला नसतो.