पोकळ भिंत

माझ्या काकांना सगळे ओळंबा म्हणत. चाळीस वर्षांच्या गवंडीकामात त्यांची एखादी भिंत सूतभर जरी कलली असेल, तर कोणी दाखवून द्यावं. जुनं घर बघायला गेले की थापीच्या मुठीने भिंत ठोकत आणि आवाजावरून निकाल देत. डॉक्टरसुद्धा इतक्या झटपट कोणाला मेलेलं ठरवत नसतील.

एका निवृत्त नर्सबाईंना घरात फार उकडायचं. काकांनी चारही भिंती ठोकल्या आणि म्हणाले, "बाई, भिंती पोकळ झाल्यात. पाडा, आणि कमी विजेत गार राहणारं नवं घर बांधा." काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाई भाड्याच्या खोलीत गेल्या आणि दोन दिवसांत यंत्राने एक कोपरा सोडून घर भुईसपाट केलं.

नव्या घराचा नकाशा आमच्याच वास्तुरचना कार्यालयात मी काढला होता. तिसऱ्या दिवशी मी मोजमापं घ्यायला गेले, तर काका त्या उरलेल्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसून फुटक्या भिंतीत बघत होते.

"हे बघ," म्हणाले.

गिलाव्याआड एक नव्हे, दोन भिंती होत्या. मध्ये चार बोटं मोकळी जागा, झाडून काढल्यासारखी स्वच्छ. ऊन आत पोचू नये म्हणून कोणीतरी मुद्दाम हवा कोंडून ठेवली होती. नेमक्या त्याच कामासाठी मी नव्या भिंतींत फोम घातला होता.

नव्या घराचं सिमेंट भाजताना, लोखंड वितळवताना, फोम आणि काच बनवताना होणारा धूर मी मोजला होता. तो वीज वाचवून भरून काढायला एकतीस वर्षं लागणार होती. तरी नकाशावर मीच 'पर्यावरणपूरक' असं लिहिलं होतं. घर पडणारच आहे म्हटल्यावर जुन्या विटांचं मोल कोण धरतो? मला माझीच चीड आली.

काका तसेच धुळीच्या कपड्यांनी बाईंकडे निघाले.

"काका, उद्या सांगू या ना."

"उद्या काय भिंत उभी राहणार आहे?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. एकतीस वर्षांचा आकडा मीच सांगितला.

"तेव्हा मी एकशे दोनची असेन," बाई म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "पण मग मला उकडत का होतं?"

"पत्र्यामुळे. मी वर पाहिलंच नाही."

"छप्पर बदलायला किती दिवस लागले असते?"

काकांना मान वर करवेना.

"चार."