वरंब्याच्या बगलेला बीट

निघोज्यात माझ्या सासूबाईंची पाच गुंठे जमीन उरली आहे. एका अंगाला कंपनीची भिंत, दुसऱ्या अंगाला ट्रेलर उभे. दोन वर्षांपूर्वी बोअर आटली. आणखी खोल नेली, तर पाणी खारट लागलं. मेथी पिवळी पडली, घेवडा करपला. यंदा नवरा म्हणाला, "आई, संक्रांतीपर्यंत बघू. नाहीतर जागा ट्रेलर लावायला देऊन टाकू." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्या काय करतात ते मी रोज बघत होते. पाणी खारट म्हणून जपून घालायच्या, तांब्यातांब्यानं, लेकराला कडू औषध पाजावं तसं. आणि रोपं वरंब्याच्या, म्हणजे दोन सऱ्यांमधल्या उंचवट्याच्या, ऐन माथ्यावर. माझा जीव तुटायचा, तरी तोंड बंद. कारण बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, तुला कसं माहीत?

लग्न ठरताना मीच म्हणाले होते, "आमचा ऊस आहे." ऊस होता, पण कधीकाळी. सांगलीकडची आमची जमीन पाणी पाजून पाजून क्षारपड झाली होती. उन्हाळ्यात मातीवर मिठाचा पांढरा थर यायचा आणि गावात हसू व्हायचं. मी उसाचं सांगितलं तेव्हा वडील शेजारीच बसले होते. पुढं ते जमीन पडीक टाकून दापोडीला माझ्या भावाकडे आले. दहा वर्षं मी हे पोटात ठेवलं. काय मिळवलं त्यातून, देव जाणे!

दिवाळीनंतर सासूबाईंनी वाळलेली कोथिंबीर उपटली आणि बांधावर बसून रडल्या. मला माझाच इतका राग आला की बोलूनच गेले.

"आई, थोडंथोडं पाणी घातलं की मीठ मुळाशीच बसतं. सरी भरून सोडा, म्हणजे खाली जाईल. माथ्यावर मीठ चढतं, तिथं लावूच नका. बगलेला, उतारावर लावा. आणि कोथिंबीर राहू दे, बीट लावा, त्याला मीठ सोसतं."

"तुला गं काय ठावं?"

सांगून टाकलं. उसाचं खोटंही.

"दहा वरीस गप बसलीस? माझं पीक डोळ्यादेखत मरू दिलंस व्हय गं!" मला मान वर करवेना. मग बांधावरून उठत म्हणाल्या, "बापाला बोलीव. तुला नुस्तं सांगता येतंय."

वडील आले. ओंजळीतलं पाणी चाखलं, थुंकले आणि म्हणाले, "हात्तिच्या! आमच्यापेक्षा बरं हाय की!" बी उगवेपर्यंत नळाचं पाणी घातलं, मग बोअरचं. दर रविवारी ते यायचे आणि विहीणबाईंशी पाण्यावरून मनसोक्त भांडायचे.

संक्रांतीला बीट काढलं. मुठीएवढंच, पण भरीव. नवऱ्यानं दोन खाल्ली. ट्रेलरवाला विचारायला आला, तर सासूबाईंनी त्याला फाटकातूनच सांगितलं, "जागा रिकामी न्हाई."

वडिलांना मी पिशवी भरून बीट दिलं.

"हे ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बी उरलं असंल तर दे."

"कुठं लावणार?"

"आपल्या रानात, गावाला." मग माझ्याकडे न बघता चपला घालत म्हणाले, "आता तुला लाज वाटत न्हाई न्हवं?"