आमच्या घराच्या फॉर्मवर मी लिहिलेलं ‘निरंक’

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ज्या सभांमधून मनाच्या आजारावर बोलत फिरते, त्यातल्या कुठल्याच सभेत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण उद्या हे सगळ्यांनाच कळणार आहे. कळवळून वगैरे ऐकू नका. मला ते नको आहे.

मी भातकुली तालुक्यातल्या एका गावात घरोघरी आरोग्याचं काम करणारी आशाताई आहे. ताप, बाळंतपण, लसीकरण — आणि काही वर्षांपासून हेही, ‘मन आजारी पडतं, लपवू नका’. तक्ता हातात धरून बोलायला लागले की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "आमी काय येड्या आहो काय वं?" मी चिडायची. लाज कसली वाटते तुम्हाला, म्हणून खडसावायची. मी! मीच खडसावायची.

सुरुवातीच्याच वर्षी घरोघरची पाहणी आली. घराला एक फॉर्म. ज्या घरात कोणाला असा त्रास असेल, त्याचं नाव वर तालुक्याला जायचं आणि डॉक्टर घरी यायचे. आमची गल्ली माझ्याकडेच होती. म्हणजे माझं घरही.

घरात आम्ही दोघी जावा. थोरली नंदाबाई, माहेर मूर्तिजापूर. ती हसली की तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. त्या वर्षी तिचं हसणं बंद झालं होतं. वेणी घालेना, जेवेना, अंघोळीला उठ म्हणून सांगावं लागे. घरचे म्हणत, आळशी झाली. मी तसं म्हणत नव्हते. मला कळत होतं — माझ्या तक्त्यावरचं एकेक चित्र तिचं होतं. मग मी काय केलं?

थांबा, सांगते. टाळत नाही.

दुपारी ओसरीवर आमच्या घरचा फॉर्म भरायला बसले. प्रश्न मोठ्यानं वाचायची सवय लागलेली, तशीच वाचत गेले. झोप लागत नाही का? नंदाबाई समोर तूर निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "हो." भूक मेली आहे का? "हो." जगू नये असं वाटतं का? तिचे हात थांबले. "वाटते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुरेखा, माह्यं नाव लिव त्याच्यात."

"लिवतो, बाई," मी म्हणाले.

आणि लिहिलं — निरंक. सरकारी कागदावर सांगण्यासारखं काहीच नसलं की लिहितात, तो शब्द.

कोणी सांगितलं होतं मला? सासूबाईंनी? दिरांनी? कोणीही नाही. लोक म्हणतील, जगाला शिकवते आणि हिच्याच घरात — एवढंच डोक्यात होतं. पाहणी वेळेत पूर्ण केली म्हणून तालुक्याला माझा सत्कार झाला. मिळालेल्या शालीची घडी नंदाबाईनंच घालून पेटीत ठेवली.

ती वाट बघत राहिली. गाडी वाजली की दारापर्यंत जायची. "आले नाही वं अजून?" येतील, मी म्हणायची. दोन वर्षं म्हणत राहिले. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला अकोल्याला घेऊन गेला. औषधं सुरू झाली. हळूहळू ती परत आली, हसण्यासकट.

आता ती माझ्या सभांना पहिल्या ओळीत बसते. उठून सांगते, "माह्या जावेनं तवाच नाव देल्लं होतं माह्यं. सरकारचेच लोक आले नाहीत." बाया टाळ्या वाजवतात. मी तक्ता उलटते. मागच्या सभेला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांना तिनं तोंडावर सुनावलं. त्या बिचारीनं हात जोडून माफी मागितली. मी शेजारीच उभी होते.

उद्या आमच्या गावात सभा आहे. डॉक्टरीणबाई येणार आहेत. हे जे तुम्हाला सांगितलं, तेच मी तिथे उभी राहून सांगणार. कामावरून काढायचं तर काढा. गल्लीत तोंड फिरवायचं तर फिरवा. आधी नंदाबाईला एकटीला का नाही सांगत? चार भिंतींत ती मला लगेच माफ करून टाकेल, तशीच आहे ती. इतक्या स्वस्तात मला सुटायचं नाही. माझं कौतुक तिनं सगळ्यांसमोर केलं, ते सगळ्यांसमोरच उतरवणार.

ती पहिल्या ओळीत असेल. तिनं नाव लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.